भोंग्याची ओळ मी आत घेतली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी. पुढे सांगताना मी मान खाली घालून बोलणार आहे, तेव्हा हसलात तर मला धड उठून जाताही यायचं नाही. चहा घ्या, बिस्किटं घ्या. मला आग्रह करू नका, ही गोष्ट सांगायची म्हटली की घास उतरत नाही. बायकोलासुद्धा मी अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी तिला भाजीबाजारात कळली.

माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. राहुरीत पंचवीस वर्षं क्लास चालवतोय. आधी टायपिंगचा, मग टायपिंगची मशिनं माळ्यावर गेली आणि कॉम्प्युटरचा. पण टायपिंगने लावलेली खोड काही माळ्यावर गेली नाही. मार्जिन! डावीकडची जागा चुकली की मी पोरांचा अख्खा कागद फाडायचो. आजही कोणाच्या घरी गेलो आणि दारात चपला वेड्यावाकड्या दिसल्या तर आधी त्या एका रेषेत लावतो, मग बेल वाजवतो. बायको म्हणते, "तुम्ही पाहुणे म्हणून जाता का झाडलोट करायला?" मी ऐकून सोडून देतो.

आता प्रोग्राम लिहिताना काय करतात, की काही ओळी डावीकडून थोड्या आत सरकवून लिहितात. कोणती ओळ कोणाच्या पोटातली, हे डोळ्याला पटकन कळावं म्हणून. याला म्हणायचं इंडेंटेशन. मी ज्या भाषा शिकवल्या त्यांत ही सगळी टापटीप. ओळ आत घ्या नाहीतर बाहेर काढा, प्रोग्रामला सोयरसुतक नसतं. मी वर्षानुवर्षं फळ्यापुढे उभा राहून सांगत आलो, "मोकळ्या जागेने काही बिघडत नाही, पण दिसायला नीट पाहिजे!" आणि दिसायला नीट नसलं की मार्क कापत आलो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, मनीषा. लग्न होऊन ती ऊसपट्ट्यातल्या एका गावात गेली. गावाचं नाव विचारू नका. ते लोक माझ्यावर अजून पुरते रागावलेले नाहीत, उगाच कशाला आठवण द्या. दोन मुलं शाळेत जायला लागली तशी या बाईने मोबाईलवर बघून बघून पायथॉन नावाची भाषा शिकून घेतली. भाकरी थापता थापता शिकली म्हणे. मला फोन करून म्हणाली, "सर, तुम्हाला तर येतच असेल." मी म्हटलं, "हो हो, येते की."

येत होती का? छे! नाव ऐकलं होतं. पण पंचवीस वर्षांचे सर आपण, विद्यार्थिनीला 'येत नाही' म्हणायचं कसं? तेव्हाच जीभ चावली असती तर आज ही वेळ आली नसती.

त्या गावात पाण्याची टाकी आहे. लाईट येईल तेव्हा पाणी सुटणार. कधी सकाळी सात, कधी दुपारी दोन. बाया शेतातली कामं टाकून नळापाशी ताटकळत बसायच्या. मनीषाने त्यावर उपाय काढला. मोबाईलवर एक पान उघडायचं, त्यावर एकच बटन, 'पाणी सुटले'. ते दाबलं की गावातल्या पावणेतीनशे घरांना एकामागून एक संदेश जाणार. आणि सगळ्यांना संदेश गेले की टाकीवरचा भोंगा एकदा वाजणार, रानात असलेल्या माणसांसाठी. एकदाच, बरं का. कारण त्या गावात भोंग्याचा एक नियम आहे. एक भोंगा म्हणजे पाणी. भोंग्यावर भोंगा वाजायला लागला म्हणजे बिबट्या!

हो, बिबट्या. तिकडे उसात बिबट्या म्हणजे रोजचा पाहुणा. शेळ्या जातात, कुत्री जातात, संध्याकाळचं माणसं एकटी बाहेर पडत नाहीत. त्यामुळे भोंगा ही तिथे गंमत नाही.

तर त्या दिवशी सकाळी ग्रामसभा होती. पंचायतीचं कॉम्प्युटरचं काम कायमचं मनीषाला द्यायचं की नगरहून बाहेरचा माणूस आणायचा, हे तिथे ठरणार होतं. सरपंचताई मनीषाच्या बाजूच्या. उपसरपंच बाहेरच्या माणसाच्या बाजूचे. ते उघड म्हणायचे, "सुनाबाळींनी घर सांभाळावं, यंत्राची कामं यंत्रवाल्यांना द्यावी." मग ठरलं असं, की भरसभेत बटन दाबून दाखवायचं. चाललं तर काम मनीषाचं. आणि प्रमुख पाहुणा कोण? तिचे गुरुजी. म्हणजे मी!

मी इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधीच पोचलो. पंचायतीचं ऑफिस आणि सभेचा मंडप एकमेकांना लागून. मनीषाचे सासरे दारातच उभे होते. त्यांना अख्खं गाव आबा म्हणतं. फेटा बांधलेला, धोतर पांढरंशुभ्र. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, तुमच्या हाताखाली शिकलीय म्हून आमी व्हय म्हनलं. भावकीत लई जन हसत्यात, आबा सुनंला पंचायतीत धाडतोय म्हून. आज तिचं झालं पायजे."

"होणारच," मी म्हटलं. "माझी विद्यार्थिनी आहे."

मनीषा लॅपटॉप घेऊन बसली होती. "सर, सकाळपासून चार वेळा चालवून बघितलं, भोंग्याची इथली वायर काढून आणि घरच्याच नंबरांवर. आता सगळं जोडलंय. सगळं बरोबर चालतंय. तुम्ही नुसती एक नजर टाका. मी तेवढ्यात बायांना बोलवून येते." आणि ती गेली.

आता नजर टाका म्हणाली होती. हात टाका म्हणाली नव्हती. पण ऐकतो कोण?

फाईल उघडली आणि माझ्या कपाळावर आठ्या. एकाच फाईलमध्ये तीन भाषा! वर त्या बटनाचं पान, मध्ये जावास्क्रिप्ट, खाली पायथॉन. काही ओळी दोन जागा आत, काही चार, काही आठ. मोबाईलवर थोडं, लॅपटॉपवर थोडं असं लिहिलेलं, ते असंच होणार. मला मात्र चपला विस्कटलेल्या दिसल्यासारखं झालं. म्हटलं, पोरीने एवढं केलं, आपण गुरुजी म्हणून हा शेवटचा हात फिरवू. दिसायला तरी नीट होईल.

एडिटरमध्ये एक आज्ञा असते, सगळ्या ओळी आपोआप नीट लावायची. ती दिली. वरचं पान कसं सुरेख रांगेत बसलं. मधला भागही बसला. खालच्या पायथॉनला मात्र एडिटरने हातच लावला नाही. मी पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा नाही. यंत्राला तेवढी अक्कल होती, काय करणार! मी म्हटलं, "तू राहू दे, मी आहे."

आणि हाताने बसवायला घेतलं. तिथे एक भाग होता, प्रत्येक घरासाठी काय काय करायचं त्याचा. नंबर घे, संदेश पाठव, पाठवल्याची खूण कर. या तीन ओळी आत, शिस्तीत, एकाखाली एक. आणि चौथी ओळ, भोंग्याची, एक रिकामी जागा सोडून पार डाव्या भिंतीला चिकटून एकटी! मला वाटलं, घाईत राहिली बिचारी. मी रिकामी ओळ काढली, भोंग्याच्या ओळीपाशी गेलो, टॅबचं बटन दाबलं, टक्! गेली आत. चौघी कशा एका रांगेत. फाईल सेव्ह केली आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. कुठे एक चूक दाखवली नाही त्याने. मी खुर्चीला टेकून दोन मिनिटं नुसता बघत बसलो, इतकं छान दिसत होतं.

मनीषा परत आली. मी म्हटलं, "जरा नीटनेटकं केलंय गं. ओळी सरळ केल्यात."

तिचा चेहरा उतरला. "सर, खालच्या भागातल्या पण?"

"अगं, मोकळ्या जागेने कुठे काय बिघडतं?"

"न्हाई सर, या भाषेत तसं..." ती स्क्रीनकडे वळली, तेवढ्यात माईकवरून सरपंचताईंची हाक आली. प्रमुख पाहुण्यांना मंडपात आणा म्हणून. मी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हटलं, "घाबरू नकोस, मी आहे ना!" ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ऑफिसला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि आम्ही निघालो.

मी आहे ना! माझ्यासारखा माणूस पाठीशी असला की वैऱ्याची गरजच काय?

सभा खच्चून भरलेली. टेबलावर ताटात एक शाल आणि नारळ, माझ्या सत्कारासाठी. मी भाषण ठोकलं. शिस्त, टापटीप, गुरूचं महत्त्व, सगळं बोलून घेतलं. मग सरपंचताईंनी आपल्या मोबाईलवर ते पान उघडलं आणि बटन दाबलं.

पुढच्या रांगेतल्या एका बाईचा मोबाईल किणकिणला. तिने मोठ्याने वाचलं, "टाकीचे पाणी सुटले आहे." आणि लगेच भोंगा. भोंऽऽऽ! चांगला दहा सेकंद. टाळ्यांचा कडकडाट. आबांनी फेटा सावरला. मी उपसरपंचांकडे बघून हसलो.

टाळ्या थांबल्या. दुसऱ्या एकाचा मोबाईल किणकिणला. भोंऽऽऽ!

"दुसऱ्यांदा कसा?" कोणीतरी म्हणालं.

तिसरा मोबाईल. भोंऽऽऽ! चौथा. भोंऽऽऽ!

सभा एकदम चिडीचूप. आणि मग मागून एक आजी किंचाळल्या, "बिबट्या आला गं बया!"

अहो, काय सांगायचं! खुर्च्या उलट्या, चपला तिथेच, माणसं देवळाच्या चौथऱ्यावर. शाळेची दारं धडाधड लागली. रानातल्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून डबे बडवायला लागल्या. कोणी फटाक्यांची माळ लावली. मी माईकवर ओरडतोय, "शांत राहा, शांत राहा," आणि दर वेळी माझ्या वाक्यावर भोंऽऽऽ!

बरं, लोकांच्या मोबाईलवर संदेश काय जातोय? 'टाकीचे पाणी सुटले आहे'. वर भोंगा काय सांगतोय? बिबट्या. गावाने दोन्हीचा मेळ घातला.

"टाकीवं पानी प्यायला आलाय!"

"एक न्हाई, दोन हायेत. येवढे भोंगे एकासाठी वाजवत न्हाईत!"

"पिल्लं पन हायेत. म्या सोता बघितली!"

दहाव्या भोंग्याला साक्षीदार तयार झाले होते. एकाने तर कान केवढे, शेपूट केवढं, तेही सांगितलं. टाकीमागे कोणाचं तरी तांबडं वासरू चरत होतं, ते या गलक्याने उधळलं, आणि त्याला बघून देवळाच्या चौथऱ्यावरची अर्धी माणसं शिखराकडे चढली. शेजारच्या गावाहून फोन, "किती हायेत? आमी येऊ का?" वनखात्याला फोन झाला. पिंजरा मागवला.

मनीषा मात्र पहिल्या दुसऱ्या भोंग्यालाच ऑफिसकडे धावली होती. पण तिच्याआधी तिथे पोचले होते भाऊसाहेब. किल्ली त्यांच्याकडे! त्यांनी कुलूप उघडलं, आत शिरले आणि आतून कडी घातली.

"भाऊसाहेब, दार उघडा! वायर काढायचीय!"

आतून आवाज, "आधी मागं बघा, काय हाय का!"

"काही न्हाई हो मागं!"

"तुमाला दिसत न्हाई, तो दबा धरून बसतो!"

भोंऽऽऽ!

थांबवायचं बटन नव्हतं का, म्हणाल. एकदाच वाजणाऱ्या भोंग्याला थांबवायचं बटन कोण करतं? शेवटी आबांनी दाराला खांदा दिला, कडी निघाली, मनीषाने आत जाऊन वायर उपसली. सत्तावीस भोंगे झाले होते. पावणेतीनशे व्हायचे होते.

अर्ध्या तासाने सभा पुन्हा बसली. फेटे सुटलेले, कोणाची चप्पल कोणाच्या पायात. वनखात्याची गाडी पिंजरा घेऊन येऊन उभी राहिली होती, आणि त्यातला माणूस जो भेटेल त्याला विचारत होता, "पिंजरा लावायचा कुठं?"

मनीषाने लॅपटॉप मंडपात आणला. फाईल उघडली. मी तिच्या मागेच उभा होतो. तिने खाली सरकवत सरकवत ती जागा गाठली आणि थांबली. तिला कळलं. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मंडपाच्या कापडाकडे बघायला लागलो.

"काय झालं गं?" सरपंचताई.

मनीषा उभी राहिली. "ताई, एक ओळ आत गेली. आता पंगतीचं बघा. वाढपी दर पानावर भात वाढतो, वरण वाढतो. ते दर पानाचं काम. आणि सगळी पानं वाढून झाली की मग एकदाच 'पुंडलिक वरदा' होतं. भोंगा म्हणजे ते शेवटचं. ते बाहेर पाहिजे. ते आत गेलं, म्हणून दर पानापाशी पुंडलिक वरदा झालं."

लहान मुलाला कळेल असं सांगितलं हो तिने. मला पंचवीस वर्षांत असं सांगता आलं नाही. आणि तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की या भाषेत ती मोकळी जागा म्हणजेच सगळं काही असतं.

"आत घेतली कोणी?" उपसरपंच.

मनीषा म्हणाली, "फाईल माझी आहे. जबाबदारी माझीच."

आणि मी काय केलं, ठाऊक आहे? खाली मान घालून सांगतो. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "नवशिक्यांकडून होतं असं. सांभाळून घ्या."

माझ्या तोंडाने! तीच जीभ, जिने तासाभरापूर्वी गुरूचं महत्त्व सांगितलं होतं.

उपसरपंच उठले. "म्हनून मी म्हनत हुतो. आज बिबट्याचा भोंगा झाला, उद्या खरा बिबट्या आला तर मानसं म्हनतील पानी आलं. बाहेरचा मानूस आना. ठराव घ्या." मंडपातून 'व्हय व्हय' ऐकू आलं. सरपंचताईंनी डोळे मिटून घेतले. मनीषा लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागली.

आणि आबा उठले. सत्तरीचा माणूस. त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला, हातात घेतला आणि सभेपुढे हात जोडले. "मंडळी, माज्या सुनंचं चुकलं. लेकरं भ्याली, बाया भ्याल्या. मी तिच्या वतीनं माफी मागतो. पुन्हा न्हाई व्हायचं. चल पोरी घरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या एका टॅबसाठी त्या म्हाताऱ्या माणसाने भरसभेत फेटा उतरवला! मी पुढे झालो.

"थांबा आबा," मी म्हटलं. "ती ओळ मी आत घेतली. मनीषाने नाही. तिची फाईल बरोबर होती. मी सभेआधी हात लावला."

सुटलो, असं वाटलं मला. कसला सुटतोय!

सरपंचताईंच्या डोळ्यांत पाणी. "बघा," त्या म्हणाल्या, "याला म्हणतात गुरू. शिष्याचा दोष आपल्या अंगावर घेतला!"

"नाही नाही, तसं नाही ताई..."

"किती मोठं मन!" मंडपातून कोणीतरी.

उपसरपंचही हेलावले. "सर, तुमी लाख म्हनाल वो. पन येवढा शिकलेला मानूस अशी चूक करील का? आमी काय खुळे हाय का?" आणि त्यांनीच ताटातली शाल उचलून माझ्या खांद्यावर टाकली, हातात नारळ ठेवला. टाळ्या! भोंग्याला पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या. मी नारळ धरून उभा, आणि मनीषा मंडपाच्या कडेला वायर गुंडाळत उभी. मी जितकं खरं बोलत होतो तितकी ती बुडत होती.

"मला घालू नका शाल!" मी जवळजवळ ओरडलो. "खरंच माझी चूक आहे!"

"विनय बघा, विनय!"

आता काय करायचं? चूक केली हे कोणी मानेना. कारण काय? मी हुशार आहे हे सगळ्यांना माहीत! मग एकच वाट उरली, आणि ती वाट माझ्या क्लासच्या पाटीवरून जात होती. सभेत माझ्या हाताखालून गेलेली पंधरा-वीस पोरं तरी बसलेली. त्यांतल्या तिघांचे मी मार्क कापलेले.

मी माईक घट्ट धरला. "मंडळी, मला ही भाषा येत नाही."

"म्हंजी?" आबा.

"म्हणजे पायथॉन. मला येत नाही. कधीच येत नव्हती. मनीषाला मी येते म्हणून सांगितलं होतं, ते खोटं."

उपसरपंच अजून मानायला तयार नाहीत. त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "असं कसं? बरं, ही पहिली ओळ काय म्हनती, ते सांगा."

मी वाकून पाहिलं. पाहिलं, पुन्हा पाहिलं. "नाही सांगता येत."

"ही दुसरी?"

"तीही नाही."

आबांनी फेटा काखेत मारला आणि अगदी मनापासून, काळजीने विचारलं, "मंग सर, तुमी तिथं राहुरीला शिकवता तरी काय?"

"बाकीचं," मी म्हटलं.

"आन कळत न्हाई तर ती वळ आत घेतली कशापायी?"

आता काय उत्तर द्यायचं? होतं तेच दिलं. "बाहेर वाईट दिसत होती."

त्यावर मात्र सभेचा विश्वास बसला. एकदम बसला. आधी पुढच्या रांगेतली आजी हसली, मग बाया, मग अख्खा मंडप. माझे जुने विद्यार्थी तर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. "सर मापात घावले!" वनखात्याचा माणूस आत डोकावून म्हणाला, "पिंजरा लागतोय का परत नेऊ?" आणि आबांनी एकदा माझ्याकडे बघून सांगितलं, "न्या परत. मानूस स्वभावानं गरीब हाय."

मनीषा तेवढी हसली नाही. तिने लॅपटॉप उघडला, भोंग्याची ओळ बाहेर काढली आणि लॅपटॉप ऑफिसात नेऊन वायर जोडून आली. सरपंचताईंनी पुन्हा बटन दाबलं. मंडपात एकामागून एक मोबाईल किणकिणत गेले, डावीकडून उजवीकडे, मागे, देवळापाशी, रस्त्यापलीकडे. सगळं शांत झालं. मग भोंऽऽऽ! एकदा. लोक श्वास धरून बसलेले. पाच मिनिटं गेली. दुसरा नाही.

काम मनीषाला मिळालं. उपसरपंचांनी हात वर केला, आबांनी तर दोन्ही. मग भाऊसाहेब माझ्यापाशी आले, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "सर, जरा ती शाल. एकच आनली हुती." मी खांद्यावरून काढून दिली. नारळ मागायची वेळ येऊ दिली नाही, आपणहून पुढे केला. सरपंचताईंनी शाल मनीषाला घातली. आबा फेटा बांधता बांधता डोळे पुसत होते. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या हो. पण मान काही वर होत नव्हती.

मला वाटलं, झालं एकदाचं. निघावं आता. पण ग्रामसभा आहे ती! तिथे जे बोललं जातं ते वहीत जातं, आणि वहीत गेलेलं वाचून दाखवून मंजूर करतात. भाऊसाहेबांनी घसा साफ केला आणि माईकवर वाचायला लागले. पहिला ठराव, मनीषाच्या नेमणुकीचा. मंजूर. आणि मग दुसरा, "सभेचे प्रमुख पाहुणे यांनी आपणांस सदर भाषा येत नसल्याचे सभेपुढे निवेदन केले. सूचक, आबा. अनुमोदक, उपसरपंच. मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत."

सगळ्या मंडपाचे हात वर. चौथऱ्यावरचे, देवळातले, दारात उभ्या असलेल्यांचे. भाऊसाहेबांनी हात मोजले आणि अडले. "एक कमी हाय. मनीषाताई, तुमचा?"

मनीषा शाल सावरत माझ्याकडे वळली. अगदी हळू आवाजात, वर्गात विचारायची तसं तिने विचारलं, "सर, करू का?"

मी म्हटलं, "कर बाई. नाहीतर सर्वानुमते कसं होईल?"

आणि तिने हात वर केला.